लंडनहून आलेली डिटन १५ स्पीकरची जोडी, एक पेटी लालसर चकचकीत, एक फिकट: लाकूड कुठलं आणि पॉलिश कुठलं, ओळखायचं कसं?

रत्नांग्रीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. माझे मोठे काका १९६९ ते ७६ लंडनला नोकरीला होते, परत येताना बोटीने जे सामान आलं त्यात सेलेस्टियन कंपनीच्या डिटन १५ स्पीकरची जोडी होती. चाळीसेक वर्षं रत्नागिरीच्या घरी पश्चिमेच्या खिडकीशी उभी होती. काका दोन वर्षांपूर्वी गेले, आणि आता काकूने ती मला दिली, म्हणाली तुलाच गाण्याचं वेड, ने. आवाज अजून सुंदर आहे, त्याची तक्रार नाही.

प्रश्न पेट्यांचा आहे. डावी पेटी लालसर काळपट, आरशासारखी चकाकते, हात फिरवला तर गुळगुळीत काच. उजवी फिकट, मधासारखी, चमक अजिबात नाही. शेजारी शेजारी ठेवल्या तर एका जोडीच्या वाटतच नाहीत. पण मागच्या लेबलवरचे नंबर लागोपाठचे आहेत, म्हणजे जोडी तर एकच. आणि गंमत बघा, रंग वेगळा असला तरी लाकडावरची नक्षी दोन्हींवर सारखीच आहे, वरच्या फळीवर कमानीसारख्या रेषा आहेत त्या दोन्हींवर त्याच जागी. त्यावरून चुलतभाऊ म्हणतो हे लाकूड नाहीच, छापील कागद किंवा सनमायकासारखं काहीतरी आहे. डाव्या पेटीचा मागचा कोपरा वाहतुकीत आपटून टवका उडालाय, आत चक्क भुसा दिसतो. काकू मात्र ठाम आहे की "सागवानी पेट्या आहेत, हे नेहमी सांगायचे". एकाने डावी बघून शिसवी असेल असंही सांगितलं.

इथला एक पॉलिशवाला बघून गेला. म्हणाला मशीन मारून दोन्ही साफ करतो, वरून मेलामाईन (कडक होणारं पॉलिश), एकदम सारख्या दिसतील. शनिवारी यायचंय त्याला. तोवर मला कळायला हवं की हे नक्की काय आहे. घाई आहे म्हणून विचारतोय.

लॅमिंग्टन_रोड_७८

सगळ्यात आधी शनिवारचं रद्द करा. बाकी सगळं नंतर. मशीन एकदा फिरलं की मग ओळखायला काही उरत नाही.

डिटन १५ तेव्हा टीक आणि वॉलनट अशा दोन्ही फिनिशमध्ये यायचे, म्हणजे साग किंवा अक्रोड. शिसवी असण्याची शक्यता मला दिसत नाही. लेबलवर पत्ता कुठला आहे तेही बघा, टेम्स डिटन की इप्सविच. कंपनी आधी सरे परगण्यात टेम्स डिटनला होती, नाव तिथूनच आलं, पुढे कारखाना इप्सविचला गेला. लाकूड त्यावरून कळणार नाही पण काळ कळेल. आणि वूफर (जाड आवाजाचा), ट्वीटर (बारीक आवाजाचा) सोडून तिसरा गोल दिसतो ना, त्याला मागे मॅग्नेट नाही म्हणून कोणी "हा बिघडलाय" सांगून बदलायला लावेल, बदलू नका, तो तसाच असतो, पेटीतल्या हवेच्या दाबावर हलतो, त्यालाच एबीआर म्हणतात.

रंधा_पटाशी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम, सांगलीला. स्पीकरमधलं मला फार कळत नाही पण पेटीचं सांगतो. तुम्ही तीन गोष्टी एकत्र गुंडाळल्यात, त्या सोडवून घ्या. वरचा थर खरा लाकडाचा आहे का, हा एक प्रश्न. असेल तर झाड कुठलं, हा दुसरा. आणि त्यावर पॉलिश काय आहे, हा तिसरा. रंग आणि चमक तिसऱ्या प्रश्नात येतात, लोक त्यावरून दुसऱ्याचं उत्तर द्यायला जातात आणि फसतात. तुमच्या लालसर पेटीला शिसवी म्हणणाऱ्याचं तेच झालंय.

आत भुसा दिसला म्हणून नाराज होऊ नका. त्या काळात विलायतेत बहुतेक सगळ्या पेट्या चिपबोर्डच्याच, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीच्या, वर खऱ्या लाकडाचं पातळ व्हिनिअर. अख्ख्या सागवानी फळीची पेटी उन्हापावसात फुगते, आखडते, सांधे सोडते, चिपबोर्ड त्या मानाने एका जागी राहतो. फक्त पाणी लागू द्यायचं नाही, पाव भिजल्यासारखा फुगतो. तो उडालेला टवका म्हणजे उलट तुमचं नशीब, न कापता आतला छेद बघायला मिळतोय. भिंगातून बघा. भुशाच्या वर लाकडाच्या रंगाचा एक थर दिसला, नखाच्या जाडीएवढा, आणि त्याचे तंतू तुटून कुसळासारखे निघालेले असले तर व्हिनिअर. आणि प्लास्टिकसारखं पातळ पापुद्र्याने सोललं, कडा लवचिक, आतल्या बाजूने पांढरट किंवा तपकिरी आणि रेषा फक्त वरच्या बाजूला, तर व्हिनाईल. कागदावर छपाई असेल तर भिंगात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोला दिसतात तसे.

दुसरं, भोकं बघा. खऱ्या लाकडाला छिद्रं असतात, बारीक चिरा, टॉर्च आडवा धरून उजेड सरपटता टाकला की सावल्या पडतात. छापील लाकडाला चिरा काढलेल्या असतात, त्यात सावली पडत नाही, आणि ठसा मारलेला असेल तर तो खालच्या रेषांशी जुळत नाही.

आता नक्षीचं, इथे तुमच्या भावाची चूक होतेय असं मला वाटतं. व्हिनिअर म्हणजे एका ओंडक्यातून पापडासारखी एकामागून एक कापलेली पानं. लागोपाठची दोन पानं घेतली तर नक्षी जवळजवळ सारखी येते, आणि जोडी बनवणारे चांगले कारखाने मुद्दाम लागोपाठची पानंच लावायचे. म्हणून "जवळजवळ सारखी" हे चांगलं लक्षण. "हुबेहूब सारखी" असेल, एकाच गाठीचा तोच ठिपका मिलिमीटरला मिलिमीटर, तर मग छापील. ट्रेसिंग पेपर घ्या, एका पेटीवरची कमान पेन्सिलने उतरवा आणि दुसरीवर ठेवा. किंचित तरी सरकलेली, पसरलेली दिसली पाहिजे.

आणि हो, मशीनचं. ते व्हिनिअर अर्धा मिलिमीटर, फार तर पाऊण. सँडर कडेवर दोन सेकंद जास्त टेकला तरी खालचा भुसा वर. मग त्यावर दुसरं व्हिनिअर चिकटवण्याशिवाय इलाज नाही. नंबर लागोपाठचे असलेल्या जोडीचं असं करायचं म्हणजे जीवावर येतं हो.

रत्नांग्रीकर_पुण्यात

शनिवारचं रद्द केलं. रंधादादा, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री बसून सगळं केलं. टवक्यापाशी तंतू आहेत, कुसळं बोटाला टोचली सुद्धा. जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर लावला, ०.६ मिमी. ट्रेसिंगमध्ये कमान वरच्या टोकाला दोन मिलिमीटर सरकलीय आणि एक बारीक गाठ उजवीवर आहे ती डावीवर टिपक्याएवढीच आहे. म्हणजे खरं व्हिनिअर, लागोपाठची पानं. भावाला दाखवलं, तो अर्धा तास भिंग घेऊन बसला होता.

छिद्रं उजव्या पेटीवर स्पष्ट दिसतात, डावीवर दिसतात पण भरल्यासारखी, वर काच ओतल्यासारखी. लेबल इप्सविचचं. आता साग की अक्रोड? आणि दोघींचा रंग असा का?

वसईची_पॉलिशवाली

डावीवरची छिद्रं भरलेली आणि उजवीवरची उघडी, हे वाचून मला जवळजवळ खात्री वाटतेय की डावीला भारतात आल्यावर कोणीतरी चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश केलंय, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतो. मी अठरा वर्षं जुन्या फर्निचरचं काम करते, वसई विरार पट्ट्यात जुन्या घरांतून हेच दिसतं, मूळ तेलाचं किंवा पातळ लॅकरचं फिनिश असतं, त्यावर पाण्याचा डाग पडला की घरातले लोक दिवाळीआधी पॉलिशवाल्याला बोलावतात आणि तो लालसर चपडा मारून सगळं एका रंगात झाकतो. काकूंना विचारा, कधी काही केलं होतं का.

तपासायला सोपं आहे पण क्रम चुकवू नका. आधी खात्री हवी की व्हिनाईल नाही, ती तुम्ही केलीच, कारण थिनर व्हिनाईलला खाऊन टाकतो. पेटी उताणी करून तळाला, नाहीतर मागच्या बाजूला खाली जिथे फिनिश आहे अशी नखाएवढी जागा निवडा. कानातली कापसाची काडी हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवा (सॅनिटायझर नको, त्यात इतर गोष्टी असतात) आणि मिनिटभर हलकं टेकवून ठेवा. चिकट झालं, काडीवर तपकिरी रंग आला, तर चपडा. काही झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण). त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाईनसारखं काहीतरी रसायनाने कडक होणारं. एक लक्षात ठेवा, जुनं लॅकर स्पिरिटने सुद्धा जरासं मऊ पडू शकतं, पण चपडा विरघळतो, त्याचं पाणी होतं, हा फरक काडीवर दिसतो.

आणि वर थर नसेलच, नुसतं तेल असेल, तर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंब हळूहळू आत मुरून लाकूड तेवढ्यापुरतं गडद झालं तर ते तेलाचं फिनिश, आणि तेही आता सुकत आलेलं. लगेच पुसून घ्या. उजवीचं असंच निघेल बघा.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च कोणाकडे असेल तर अंधारात डावीवर मारा. चपडा नारिंगी उजळतो. मला स्वतःला ही चाचणी फार आवडते, काही न खरवडता कळतं.

एडिसन_एनजे

मी न्यू जर्सीत असतो, इथे गराज सेलमधून जुने अमेरिकन स्पीकर घेतो, त्यामुळे वॉलनटशी रोजचा संबंध. माझ्याकडे एआर थ्री-ए ची जोडी आहे, ते मॉडेल १९६७ ला आलं, त्यात बहुतेक ऑइल्ड वॉलनटच सापडतात. जेबीएल एल हंड्रेड पण वॉलनटच. तर वॉलनटचा एक स्वभाव आहे जो भल्याभल्यांना फसवतो: बाकीची बरीच लाकडं जुनी झाली की गडद होतात, वॉलनट उलट उजेडाने फिकट होतं. नवं असताना चॉकलेटी, त्यात करडी जांभळट झाक, आणि वीस तीस वर्षं ऊन खाल्लं की मधाच्या रंगावर येतं. म्हणजे सागासारखं दिसायला लागतं. तुमची उजवी पेटी पश्चिमेच्या खिडकीशी चाळीस वर्षं होती म्हणता, मला तिथेच शंका आली.

मग रंग सोडून रेषा बघायच्या. सागाला वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते, त्यामुळे व्हिनिअरवर जाड ठसठशीत रेघांचे पट्टे येतात, मधे गुळगुळीत जागा, परत पट्टा. छिद्रांत कधी पिवळसर पांढरं काहीतरी साठलेलं दिसतं. वॉलनटची छिद्रं पट्ट्यात मोठ्यापासून हळूहळू बारीक होत जातात, त्यामुळे रेघोट्या सगळीकडे विखुरलेल्या, पेन्सिलने बारीक रेघा मारल्यासारख्या. साग हाताला मेणचट लागतो, टवक्यापाशी नखाने जरासं खरवडून वास घ्या, सागाला कातड्यासारखा तेलकट वास असतो, तो तर तुम्हा कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार.

अजून एक, ग्रिलची (समोरच्या जाळीची) फ्रेम काढा. फ्रेम जिथे टेकते त्या पट्टीला ऊन लागलेलं नसतं. तिथे बाहेरच्यापेक्षा लाकूड गडद दिसलं तर अक्रोड.

काम_फत्ते

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण मेलामाईनमध्ये वाईट काय ते कळलं नाही. माझ्या घरच्या सगळ्या फर्निचरला आहे, दहा वर्षं झाली, पाणी पडलं तरी डाग नाही. पुण्याच्या हवेत, घरात लहान मुलं असताना तेल लावलेलं लाकूड कोण सांभाळत बसणार? आणि मालक आता ते आहेत, त्यांना सारखं दिसायला हवंय तर करू द्या ना.

वसईची_पॉलिशवाली

मेलामाईन वाईट नाही हो, मी स्वतः डायनिंग टेबलला तेच सुचवते. अडचण अशी की ते एकदा बसलं की उलट फिरता येत नाही. चपडा स्पिरिटने निघतो, तेलावर परत तेल लागतं, मेलामाईन काढायचं तर घासायलाच लागतं, आणि घासायला तुमच्याकडे आहे ०.६ मिमी, त्यातलं काही आधीच गेलेलं. शिवाय स्पीकरवर कोणी गरम आमटीचं भांडं ठेवत नाही, त्याला एवढं चिलखत लागत नाही.

शिसवी_पेटारा

शिसवीचा विषय निघाला म्हणून थोडं. खरी शिसवी बघायची असेल तर त्याच काळातले डॅनिश बँग अँड ओलुफसेनचे स्पीकर बघावेत, त्यात रोझवुड असायचं. जांभळट तपकिरीवर काळ्या रेषा, आणि त्या रेषा पॉलिशच्या नसतात, लाकडाच्या आत असतात, कुठूनही बघितलं तरी तशाच. ब्राझीलच्या रोझवुडवर १९९२ पासून साइट्सची (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादी लागू आहे, आणि २०१७ पासून आपली शिसवी धरून त्या जातीची सगळीच झाडं साइट्सच्या यादीत आली, त्यामुळे परदेशातून असे स्पीकर मागवणाऱ्यांनी आधी कागदपत्रं विचारावीत. तुमच्या पेटीत काळ्या रेषा नाहीत असं वर्णनावरून दिसतंय, तेव्हा ती शिसवी नव्हे.

रत्नांग्रीकर_पुण्यात

उशीर झाला लिहायला, मधे रत्नागिरीला जाऊन आलो. क्रमाने सांगतो.

डावी, तळाला, स्पिरिट: वीस सेकंदांतच चिकट, काडी गडद तांबडी. उजवी, स्पिरिट: काही नाही. थिनर: काही नाही. पाण्याचा थेंब पाच मिनिटांत मुरला. म्हणजे वसईताई, तुम्ही म्हणालात तस्संच.

ग्रिल काढल्या. उजव्या पेटीच्या आतल्या पट्टीवर लाकूड चॉकलेटी आहे, बाहेरच्या मानाने खूपच गडद, मी बायकोला हाक मारून दाखवलं. रेघोट्या विखुरलेल्या आहेत, पट्टे नाहीत. खरवडून वास घेतला, सागाचा नाही. मी सागाच्या वाशांखाली वाढलोय, तो वास मला झोपेतही कळेल.

काकूला फोन न करता तिथे गेल्यावरच विचारलं. १९९८ मध्ये पॉलिश केलं होतं. डाव्या पेटीवर तांब्याची फुलदाणी असायची, ती कलंडून पाणी सांडलं, पांढरा डाग पडला, म्हणून गावातल्या पॉलिशवाल्याला बोलावलं होतं, एकाच पेटीचे पैसे ठरले म्हणून एकच केली. तो माणूस भला असणार, त्याने घासलं नाही, वरूनच चपडा फिरवला.

परत आल्यावर वसईताईंशी इथेच निरोपातून बोलून डाव्या पेटीच्या वरच्या भागाचा चपडा काढायला घेतला. समोरच्या बाजूला प्लास्टिक आणि मास्किंग टेप लावून स्पीकरचे सगळे कोन (गोल पडदे) झाकले, खिडक्या उघड्या, गॅसपासून लांब. जुन्या सुती धोतराचे तुकडे, स्पिरिट, थोडी थोडी जागा, घासायचं नाही, टेकवून मऊ झालं की उचलायचं. दोन संध्याकाळी लागल्या. चपड्याखालून फिकट मधाचा रंग वर आला, अगदी उजवीसारखा. आणि बरोबर मधे एक गडद गोल. आधी वाटलं डाग राहिला, परत स्पिरिट लावलं, जाईना. मग टॉर्च धरला तेव्हा कडेला पाकळ्या दिसल्या, एकसारख्या, सोळा. काकूच्या क्रोशाच्या रुमालाची कड आहे ती. फुलदाणीखाली तो रुमाल असायचा, १९७६ ते ९८ बावीस वर्षं तेवढ्या जागेला ऊन लागलं नाही आणि भोवतीचं सगळं फिकट झालं. एनजेदादा, अक्रोड आहे, आता मला कोणाला विचारायची गरज नाही.

काकूला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, म्हणाली तो रुमाल मी लंडनला असतानाच विणलेला, दुसऱ्या हिवाळ्यात. साग नाही म्हटल्यावर जरा गप्प झाली, मग म्हणाली ह्यांना दुकानदाराने सांगितलेलं ऐकूच गेलं नसेल, तेव्हा इंग्रजी कुठे नीट कळायचं.

आता पुढे काय लावू? आणि तो गोल घालवायचा झाला तर घालवता येतो, असं एकाने सांगितलं.

रंधा_पटाशी

उन्हात ठेवलं तर गोल वर्ष दोन वर्षांत भोवतीशी बराच मिळून येईल. घासून जाणार नाही, घासायला तेवढं लाकूड नाही. ठेवायचा असेल तर खिडकीपासून लांब ठेवा, एवढंच. मी असतो तर ठेवला असता.

बाजूंचा चपडा पण सावकाश काढा, कडेला जपून. टवका उडालेल्या कोपऱ्यात चिपबोर्ड सुटा झाला असेल तर आधी पातळ केलेला फेविकॉल मुरवून दाबून ठेवा एक रात्र, मग अक्रोडाच्या व्हिनिअरचा तुकडा बसवता येतो. प्लायवुडच्या मोठ्या दुकानात नमुन्याचे तुकडे असतात, मागितले तर देतात. रेषा उभ्याला उभी जुळवा.

वसईची_पॉलिशवाली

तेल लावायच्या आधी दोन दिवस सुकू द्या, स्पिरिट पूर्ण उडालं पाहिजे. मग डॅनिश ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं तेल, कच्चं नको, ते आठवडे आठवडे चिकट राहतं. एकदम थोडं, कापडाने चोळून, पंधरा वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत. दोन्ही पेट्यांना एकाच दिवशी, एकाच डब्यातलं. तेल लागल्यावर दोन्ही थोड्या गडद होतील आणि गोल आधीपेक्षा कमी उठून दिसेल, दचकू नका, तो जात नाही.

आणि तेलाचे बोळे कचऱ्याच्या डब्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा दाबून ठेवलेला असेल तर आपोआप पेट घेतो, मी एका वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी बघितलंय. पाण्यात बुडवा नाहीतर दोरीवर सुटे पसरून वाळवा.

रत्नांग्रीकर_पुण्यात

बोळ्यांचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. गोल ठेवतोय. पेट्या आता आतल्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही तिथे लावल्यात. डाव्या पेटीच्या दोन बाजू राहिल्यात, त्या येत्या शनिवारी. काकूने तो रुमालही शोधून पाठवते म्हटलंय.